मधल्या रेघा

३ तारीख, सोमवार

आलो एकदाचे. दोन बॅगा, एक गादी, माझी हत्यारांची पेटी आणि धाकट्या बहिणीची बडबड एवढं सामान घेऊन सकाळी दहाला दारात उभे राहिलो, तर मालकीणबाईंनी आधी माझे हात बघायला मागितले. मला वाटलं, नखं तपासतायत. त्यांनी बोटं ताणून धरायला लावली, ती थरथरत नाहीत हे पाहिलं आणि मग किल्ली दिली. बहिणाबाई लगेच म्हणाल्या की नवरामुलगा पसंत पडला वाटतं. मालकीणबाई हसल्या नाहीत, पण चहा मात्र आला.

जागा अशी आहे: रस्त्याला लागून लांबट हॉल, त्यात एकोणीस कॉम्प्युटर. मागे माझी कामाची खोली आणि तिच्यामागे आमच्या राहायच्या दोन खोल्या. मालकीणबाईंच्या नवऱ्याने आयुष्यभर पडद्यावरचं चित्र काढणारी जुनी ग्राफिक्स कार्डं जमवली. तो गेल्यावर लोकांनी त्यांना भंगारवाल्याचा नंबर दिला आणि बाईंनी हट्टाने हा हॉल उघडला. लोक इथे येऊन आपल्या लहानपणीचे गेम खेळतात. घरच्या नव्या कॉम्प्युटरवर ते धड चालत नाहीत. एक तर गेममधला माणूस सुसाट सुटून भिंतीवर आपटतो, नाही तर पाणी जांभळं दिसतं. ज्या काळचा गेम त्याच काळचं कार्ड लावलं की सगळं कसं सुळसुळीत सरकतं. ही कार्डं आता बनत नाहीत. आहेत ती जगवायची, हे माझं काम.

धाकटीचं काम ऐकाल तर हेवा वाटेल. दुरुस्त झालेल्या प्रत्येक मशीनवर बसून खेळायचं आणि कुठे अडकतं, कुठे चित्र फाटतं ते वहीत लिहायचं. सत्ताविसाव्या वर्षी खेळायची नोकरी! मी तिला म्हटलं, आई असती तर दोघांनाही बदडलं असतं.

आई गेली तेव्हा ही सतरा वर्षांची होती. शेवटी आईने मला एकच विचारलं होतं, हिला एकटीला टाकणार नाहीस ना. दहा वर्षं झाली, टाकली नाही. आज दोघांना एका छपराखाली काम मिळालं. मी खूश आहे. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण हे वाक्य माझ्या वहीत फारसं सापडत नाही.

५ तारीख, बुधवार

आज आपल्या हाताचा अभिमान वाटला.

खिडकीजवळच्या मशीनमध्ये एक नाही, दोन कार्डं आहेत. अगदी सारखी, वरून एका बोटभर पट्टीने जोडलेली. त्या काळचे शौकीन लोक अशी जोडी लावत. दोघं काम वाटून घेतात. पडद्यावर ज्या आडव्या रेघांनी चित्र बनतं, त्यांतली पहिली, तिसरी, पाचवी एक कार्ड काढतं आणि मधल्या रेघा दुसरं. रेघा एकमेकींत नीट बसल्या की अखंड चित्र. या मशीनवर त्या बसत नव्हत्या. सगळं थरथरायचं. मालकीणबाई म्हणाल्या की गेल्या मेकॅनिकच्या वेळेपासून असंच आहे, सगळ्यांची तक्रार आहे, जमलं तर बघ.

जमलं तर! पट्टी काढली तर कनेक्टरची एक पिन वाकलेली. मी त्या मेकॅनिकला मनसोक्त शिव्या घातल्या, बारीक पक्कड घेतली आणि पिन सरळ केली. दीड मिनिटाचं काम. चित्र काचेसारखं स्वच्छ.

गेम एका बंद कत्तलखान्याचा आहे. लांबच लांब कॉरिडॉर, लोंबणारे लोखंडी आकडे, फरशीवर रक्ताचे ओघळ, हातात कुऱ्हाड. येईल त्याला तोडायचं आणि बाहेर पडायचं. पहिले मास्तर बसले. हे गणिताचे निवृत्त शिक्षक, एकटे राहतात, रोज अकराच्या ठोक्याला हजर. मग समोरचा लाँड्रीवाला बसला. मग आमची धाकटी बसली ती दोन तास उठेना. मी सगळा वेळ मशीनच्या मागे होतो, पंख्याच्या आवाजाला कान लावून. मला चित्रापेक्षा पंखा जास्त सांगतो.

मास्तर म्हणाले की वीस वर्षं हा गेम खेळतोय, पण कॉरिडॉरच्या टोकाला तो चामड्याचा एप्रन घातलेला, लांब पात्याचा माणूस आज पहिल्यांदा दिसला. चित्राच्या थरथरीत हरवत असणार बिचारा. त्यावर सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. लाँड्रीवाल्याने तर माझे शर्ट फुकट धुवायचं कबूल केलं.

७ तारीख, शुक्रवार

तीन कार्डांचे फुगलेले कॅपॅसिटर बदलले. एकाचा पंखा तेल घालून सुरू केला.

धाकटी त्या एप्रनवाल्यावर चिडली आहे. तिच्या वहीत पूर्ण पान त्याच्याचवर. लिहिलंय की हा आपल्याशी लढतच नाही. कुऱ्हाडीचे चाळीस घाव घातले, खांद्यापासून कमरेपर्यंत चिरला, तरी पडत नाही, नुसता उभा राहून तोंडाकडे बघतो. आणि मशीन बंद करून पुन्हा लावलं तर पहिल्या जागेवर नसतो, चार पावलं पुढे आलेला असतो. मी म्हटलं, तुझ्या बडबडीला कंटाळून बाहेर पडायला बघत असेल. तिने वही फेकून मारली.

काल आणि आज मास्तर आले नाहीत. मालकीणबाईंनी त्यांची खुर्ची कुणाला दिली नाही.

८ तारीख, शनिवार

लिहायचं नव्हतं. पण लिहिल्याशिवाय डोळ्यांपुढून जात नाही.

बाईंनी मला मास्तरांच्या घरी पाठवलं. दार आतून लावलेलं. शेजाऱ्याने सुतार आणून कडी तोडली. मास्तर स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते. सदरा धड होता, कुठे एक टाका उसवलेला नव्हता, पण त्यावर रक्ताचे आडवे पट्टे, एकाखाली एक, आखल्यासारखे. शेजाऱ्याने बटणं काढली. आतला माणूस कापलेला होता. कपाळापासून घोट्यांपर्यंत आडवे चिरे, हाडापर्यंत गेलेले, आणि दोन चिऱ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं. एक चिरा दोन्ही डोळ्यांवरून गेला होता. एक तोंडावरून, त्यामुळे जबडा उघडा राहिला होता. मी पोलिसांना फोन लावला.

पोलिसांनी मोजले. एकतीस. फोटो काढले, प्रेत कुलपात ठेवलं.

संध्याकाळी पोलिसांचे डॉक्टर हॉलवर आले, कारण त्यांना वाटलं कोणीतरी त्यांची चेष्टा करतंय. टेबलावर घेतल्यावर चिरे एकसष्ट भरले. जिथे दोन होते, तिथे बरोबर मधोमध तिसरा. कुलूप तसंच होतं.

मालकीणबाईंना ती खिडकीजवळची जागा बघवेना. ते मशीन मी उचलून कामाच्या खोलीत आणून ठेवलं.

१० तारीख, सोमवार

लाँड्रीवाला. भरदुपारी, हॉलमध्ये, सगळ्यांसमोर.

तो दुसऱ्याच मशीनवर मोटारींची शर्यत खेळत होता. कपाळ खाजतंय म्हणाला आणि नखाने खाजवलं. तिथे एक रेघ उघडली. भुवईच्या वर, डावीकडून उजवीकडे, मांजराने ओरखडावं तशी. पण ती खोल जात राहिली. मग तिच्याखाली दुसरी. मग तिसरी, गालांवरून, आणि गाल उघडून आतले दात दिसले. एकेक ओळ, वरून खाली, जुन्या मशीनवर चित्र हळूहळू उमटतं तशी. तो किंचाळत होता. धाकटीने त्याचे खांदे धरले, मी फडकी दाबत होतो. एका चिऱ्यावर हात ठेवला की खालचा उघडायचा. माझ्या हाताला ओरखडासुद्धा नाही. त्याचा हात माऊसवर होता, रेघ तिथे पोचली तेव्हा चार बोटं टेबलावर राहिली आणि हात खाली आला.

घोट्याशी थांबलं. अजून जिवंत होता. नेलं त्याला.

पोलिसांनी हॉलला सील लावलं, मागच्या खोल्या सोडल्या. माझ्या पेटीतली सगळी पाती नेली आणि मला सहा तास विचारत बसले. गाव सोडायचं नाही असं बजावलंय. मी म्हटलं, दहा माणसांनी बघितलं, कोणी त्याला हात लावला नव्हता. त्यावर इन्स्पेक्टरने सगळ्यांची नावं पुन्हा लिहून घेतली. तो स्वतः घाबरलेला होता.

धाकटीच्या केसांतलं रक्त धुवायला तीन बादल्या लागल्या. मग तिने शांतपणे मला सांगितलं की त्या दिवशी मास्तर पहिले बसले होते, लाँड्रीवाला दुसरा.

तिसरी कोण ते तिने सांगितलं नाही. मी म्हटलं, काहीतरी खुळ्यासारखं बोलू नकोस. 

११ तारीख, मंगळवार

लाँड्रीवाला पहाटे गेला. नर्सने बाईंना फोनवर सांगितलं की बँडेज धड होतं आणि आत मधल्या सगळ्या रेघा भरल्या होत्या.

आधीच्या मेकॅनिकचा नंबर मिळवला. मी माझं नाव सांगून होईपर्यंत त्याने एकच विचारलं, पिन सरळ केलीस का. मी हो म्हटलं. तो बराच वेळ रडत होता. मग सांगितलं. ती पिन त्यानेच वाकवली होती, मुद्दाम. रेघा जुळल्या की तो अखंड दिसतो, आणि ज्याला ज्याला अखंड दिसला त्याच्याकडे तो निघतो. त्या कॉरिडॉरमधूनच चालत यावं लागतं, म्हणून दिवस लागतात, म्हणून एकेकाकडे. आला की आधी एकीच्या रेघा, पहिली, तिसरी, पाचवी अशा, मग मधल्या. पिन वाकवून पुढच्यांचे डोळे वाचले. ज्यांनी बघितलं होतं ते चौघे वाचले नाहीत. चौथी त्याची बायको.

मी विचारलं, कार्डच का नाही फोडलं. तो म्हणाला की फोडल्यावर काय होईल याची भीती वाटली. आणि फोन ठेवला.

दीड मिनिटाचं काम. टाळ्या घेतल्या होत्या मी.

दुपारी पट्टी काढून कार्डं एकेकटी लावून बघितली. धाकटीला खोलीबाहेर ठेवलं. डावीकडचं कार्ड: पट्ट्यापट्ट्यांचा कॉरिडॉर, आकडे, रक्त. पूर्ण रिकामा. उजवीकडचं: काळोख, भिंती नाहीत, फरशी नाही, आणि त्यात एकटा तो. एक क्षणच बघितला. एप्रनवरून रक्त गळत होतं. तो पाठमोरा होता, तो वळायला लागला, मी बटण दाबलं.

दोन कार्डं सारखं काम वाटून घेत नव्हती. एक जागा काढत होतं आणि एक त्याला.

म्हणजे उजवीकडचं फोडायचं. उद्या सकाळी, उजेडात, हात स्थिर असताना. धाकटीला सांगितलं तेव्हा तिने कितीतरी वर्षांनी माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

१२ तारीख, बुधवार, सकाळ

फोडलं!

पेच काढले, उपटलं, फरशीवर ठेवून हातोडीने बडवलं. चिप्सचा भुगा केला. तरी हात थांबेना, मी त्याला आई-बहिणीवरून शिव्या देत बडवत राहिलो, एक तुकडा उडून गाल कापला. हे माझं रक्त, साधं, वेडंवाकडं. धाकटी हसली आणि मग रडली. जीव भांड्यात पडला. मालकीणबाई येऊन बघून गेल्या, केरसुणी ठेवून गेल्या.

तो एका वेळी चार पावलं चालायचा. आता चालणारच नाही.

१२, अकरा वाजता

खात्री करायला उरलेलं कार्ड लावलं. रिकामा कॉरिडॉर दिसायला हवा होता.

काळोख आहे. आणि तो.

काल बघताना मी मशीनच्या समोर होतो. आज उपटताना मागे. नेहमीसारखा, मागे. मागून उजवं म्हणजे समोरून डावं. शिकाऊ पोरगासुद्धा ही चूक—

मी त्याला फोडलं नाही. कॉरिडॉर फोडला. त्याच्या आणि तिच्या मधे जेवढं अंतर होतं तेवढं सगळं हातोडीने—

१२, साडेअकरा

तो मोठा झालाय. छातीपासून वर दिसतो. चालत नाही आता. चालायची गरज नाही. भिंत नाही, टोक नाही, दार नाही.

एक कळलंय. मी पडद्याकडे बघत असलो की त्याचं तोंड माझ्याकडे असतं. नजर काढली की मान वळते, परत बघितलं की ती वळलेली सापडते आणि मग माझ्याकडे येते. दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा मान धाकटी जिथे उभी होती तिकडे वळली. मधे वीट-सिमेंटची भिंत होती तरी.

म्हणजे बघत राहायचं.

तिला मालकीणबाईंच्या घरी पाठवली. जात नव्हती. ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा हात उगारला तिच्यावर. गेली.

न बघता लिहितोय. अक्षर कसं येतंय माहीत नाही. डोळे पडद्यावर.

१२, बारा किंवा सव्वाबारा

डोळ्यांतून पाणी येतंय. एक एक डोळा मिटून घेतो. चालतं. एक उघडा असला की पुरतं त्याला.

पातं वर घेतलंय त्याने.

कपाळ खाजतं—

आली. पहिली. वाटलं होतं तेवढी आग नाही, आधी गार, मग गरम. रक्त डाव्या डोळ्यात. उजवा उघडा. उजवा उघडा ठेवायचा. दुसरी नाकावरून, हाड कडकन वाजलं. तो माझ्याकडे बघतोय. माझ्याकडेच. छान. इकडेच बघ, भडव्या. तिकडे कोणी नाही—

हात. मनगटाच्या वर एक, कोपराखाली एक, मधे सारखी जागा. हाड दिसतं. लिहिता येतंय अजून. आईला सांगितलं होतं टाकणार नाही, तर नाही—

पोट. नको बघायला. पडदा. फक्त पडदा.

एकीच्या झाल्या वाटतं. थांबलंय. पातं पुसतोय एप्रनला. आता मधल्या.

बघतोय मी. बघतोय. माझ्या मधल्या भरेपर्यंत तरी ती—

दार

धाकटी आली. का आली. पडद्याकडे न बघता भिंतीकडे तोंड करून आली, शहाणी, आणि ओरडलो मी, वायरला हात नको, नको, दिसतोय तोवर कुठे आहे ते कळतं, नको—

ओढली. प्लग तिच्या हातात. पडदा काळा.

म्हणते, दादा झालं, बंद केलं, सुटलास. ओढणी फाडून माझा हात बांधतेय. रडतेय. मधल्या येत नाहीत. माझ्या येत नाहीत. कुठे बघतोय तो, आता मला दिसत नाही कुठे—

मान वर केली तिने. म्हणते, काय बघतोस असा.

तिच्या कपाळावर, डावीकडून, एक बारीक